बंगळूरची जहागीर, मावळातले इमान

बंगळूरचे यशवंतपूर आपल्या लोकांना मुख्यतः रेल्वे जंक्शन म्हणून आणि कांद्या-बटाट्याच्या मोठ्या बाजार समितीमुळे माहीत असते. पंढरपूरची गाडी इथूनच सुटते. मराठी इतिहासाचा एक दगड मात्र इथून अगदी जवळ, शेजारच्या मल्लेश्वरममध्ये आहे. तिथल्या काडु मल्लेश्वर देवस्थानाशी निगडित असा १६६९ चा एक कन्नड शिलालेख आहे. त्यात एकोजींनी, म्हणजे शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी भोसले यांनी, मल्लपूरच्या मल्लिकार्जुनाला एक गाव इनाम दिल्याची नोंद आहे. तंजावरचे राज्य हाती येण्यापूर्वी व्यंकोजींचा कारभार बंगळुरातून चाले. दान देणारा भोसला, लेखाची भाषा कन्नड, आणि मुलखावर सत्ता विजापूरच्या आदिलशहाची. अशा ठिकाणी माणसाने निष्ठा कोणाशी ठेवायची, हा प्रश्न सतराव्या शतकात रोजच्या व्यवहारातला होता.

१६३८ मध्ये रणदुल्लाखानाने केंपेगौडांच्या वारसाकडून बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. निजामशाही वाचवण्यासाठी अखेरपर्यंत झुंजलेले शहाजीराजे १६३६ च्या तहानंतर आदिलशाहीच्या चाकरीत आले होते. दहा-बारा वर्षे ही चाकरी नीट चालली. मग २५ जुलै १६४८ रोजी जिंजीच्या वेढ्यात, आदिलशाहीच्याच छावणीत, मुस्तफाखानाने त्यांना कैद केले. धरायला गेलेल्यांत बाजी घोरपडे होते. थोरले पुत्र संभाजीराजे बंगळूर धरून होते, धाकटे शिवाजीराजे पुणे प्रांतात. विजापूरने दोघांवरही फौजा धाडल्या. शिवाजीराजांनी शहाजादा मुराद याच्याशी पत्रव्यवहार सुरू करून मोगलांचा दाब विजापुरावर आणू पाहिला. अखेर पुत्रांनी कोंढाणा, बंगळूर आणि कंदर्पी सोडण्याच्या अटीवर १६ मे १६४९ रोजी शहाजीराजे सुटले. एका सरदाराची निष्ठा तीन ठाण्यांवर तोलली गेली आणि त्या तिन्हींपैकी एक बंगळूर होते.

त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये राजाविना राज्य जाहीर झाले. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद जानेवारीत होऊन गेला होता. नव्या सत्तेपुढे पहिला पेच उभा राहिला तो लोकांच्या मनाचा. ज्यांनी राजाच्या नावाने शपथा वाहिल्या होत्या, त्यांनी आता कोणाला मानायचे? २ जानेवारी १६५० रोजी कायदा झाला: अठरा वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाने, राजा आणि उमरावसभा यांच्यावाचून स्थापन झालेल्या या राज्याशी आपण प्रामाणिक राहू, असे वचन द्यावे. जो देणार नाही त्याला न्यायालयात दाद मागता येणार नाही.

ब्रिटनमध्ये ही वाट जुनी होती. आठव्या हेन्रीने १५३४ पासून चर्चवरचे आपले वर्चस्व शपथेने मान्य करून घ्यायला सुरुवात केली. त्या शपथेला नकार देणाऱ्या थॉमस मोरचे शिर पुढच्याच वर्षी उडाले. १६०५ मध्ये पार्लमेंट सुरुंगाने उडवण्याचा कट उघडकीस आल्यावर जेम्स राजाने कॅथलिकांसाठी नवी शपथ आणली. पोपला राजास पदच्युत करण्याचा अधिकार नाही, असे तिच्यात कबूल करावे लागे. शिवाय, ही शपथ आपण मनात दुसरा अर्थ न ठेवता, सरळ शब्दार्थाने घेत आहोत, हेही वदवून घेतले जाई. १६४२ मध्ये तर पॅरिशवार पुरुषांची नावे लिहून घेण्यात आली, कोणी शपथ घेतली आणि कोणी नाकारली यांसह. १५३४ ते १६५० या काळात एखाद्या घराण्यातल्या आजा, बाप आणि मुलगा यांनी परस्परविरुद्ध शपथा वाहिल्या असतील. माझ्या मते, शपथांची ही रांग राज्यकर्त्यांचा धाक वाढल्याची खूण आहे, लोकांची निष्ठा वाढल्याची नव्हे. ज्याच्यावर भरवसा आहे त्याचे नाव वहीत उतरवून घ्यावे लागत नाही.

आता पुन्हा शहाजीराजांकडे. त्यांच्याबरोबर दोन मावळकरी कैदेत पडले होते: भोरजवळच्या कारीचे, रोहिडखोऱ्याचे देशमुख कान्होजी नाईक जेधे आणि दादाजी कृष्ण लोहोकरे. जेधे घराण्याच्या करिन्यात, म्हणजे घराण्याने लिहून ठेवलेल्या हकिगतीत, सुटकेनंतरचा प्रसंग आला आहे. शहाजीराजांनी कान्होजींना सांगितले की, तुम्ही आमच्यापायी बंदीत पडलात. आम्हाला आता कर्नाटकात मोहिमेवर जायचे आहे. तुमचे वतन मावळात आहे, आमचे चिरंजीव शिवबाही तिकडेच आहेत. तुम्ही त्यांच्याजवळ राहा. मोगलांची फौज येवो की आदिलशाहीची, त्यांच्या बाजूने लढा. यावर दोन्हीकडून शपथक्रिया झाली.

या सांगण्यातली जोखीम पाहा. शहाजीराजे आदिलशहाचे चाकर होते, नुकतेच त्याच्या कैदेतून सुटलेले. कान्होजीही आदिलशाही मुलखातले वतनदार. आणि शपथ अशी की आदिलशाही फौज आली तर तिच्याशीच लढायचे. कुठल्याही दरबारी भाषेत ही हरामखोरीच ठरली असती. पण या शपथेचा आधार दरबार नव्हता. एकाने दुसऱ्यासाठी बेड्या भोगल्या होत्या आणि त्या नात्यावर आपला मुलगा सोपवला जात होता.

अशा शपथांना साक्षी देव असे आणि काही वस्तू. बेल आणि भंडारा उचलायचा, तुळस किंवा गंगाजळ हाती घ्यायचे, मुसलमानाने कुराणावर हात ठेवायचा. दानपत्रांच्या शेवटी तर दोन्ही धर्मीयांसाठी वेगवेगळी आण लिहिलेली आढळते: हिंदूने करार मोडला तर गाईची, मुसलमानाने मोडला तर डुकराची. ज्याला जे खरोखर निषिद्ध वाटते त्याचीच आण त्याला घालायची, हे दख्खनी शहाणपण मला फार मोलाचे वाटते. इंग्लंडात एकच मजकूर सर्वांच्या तोंडी घातला जाई, आणि म्हणूनच शब्दांच्या अर्थांवर इतका खल चाले.

दहा वर्षांनी कान्होजींची कसोटी लागली. अफजलखान निघाला आणि १६ जून १६५९ रोजी कान्होजींच्या नावे आदिलशाही फर्मान सुटले: खानाच्या हाताखाली हजर व्हा, शिवाजीचा पाडाव करण्यात हात द्या. हे फर्मान घेऊन कान्होजी पाच मुलांसह शिवाजीराजांपुढे उभे राहिले. राजांनी त्यांना परतीची वाट मोकळी ठेवली होती. तुमचे शेजारी खोपडे खानाकडे गेले आहेत, तुम्ही न गेलात तर वतन जाईल, प्राणावरही बेतेल, असे त्यांनी सांगितले. कान्होजींनी शहाजीराजांशी झालेल्या शपथेची आठवण दिली, हातावर पाणी घेतले आणि वतनावर सोडले.

देशमुखाच्या लेखी वतन म्हणजे निव्वळ जमीन नसे. गावातला मान, लग्नकार्यातला पहिला विडा, पिढ्यांची ओळख हे सारे त्यात येई. भाऊ भावाचे खून पाडत ते वतनापायी. म्हणून मला हा क्षण लढाईइतकाच थोर वाटतो. राजांनीही तो पोकळ जाऊ दिला नाही. कान्होजींची बायकामुले तळेगावला सुरक्षित हलवायला लावली आणि बाकीच्या मावळी देशमुखांना गोळा करण्याचे काम कान्होजींवरच सोपवले. त्या सर्वांनी इमान दिले. १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली काय झाले ते सर्वश्रुत आहे. खानाला मिळालेल्या खंडोजी खोपड्यांसाठी पुढे रदबदली केली ती कान्होजींनीच. जीव वाचला, पण एक हात आणि एक पाय गेला.

स्वराज्याच्या शपथेचा विषय निघाला की रायरेश्वराचे चित्र डोळ्यांपुढे येते. ती कथा १६४५ च्या ज्या पत्राच्या आधारे सांगतात, त्याच्या अस्सलपणाबद्दल संशोधकांत एकमत नाही. जेध्यांच्या शपथेला त्या मानाने बळकट आधार आहे, आणि शाळेच्या पुस्तकात तिला जास्त जागा मिळायला हवी असे मला मनापासून वाटते.

शहाजीराजांवर धनी बदलल्याचा ठपका ठेवला जातो. निजामशाही, मोगल, आदिलशाही अशी त्यांची चाकरी झाली, हे खरेच. पण अली आदिलशहाला लिहिलेल्या त्यांच्या पत्रात वेगळाच स्वर आहे. आपण राजपूत आहोत, आजवर अनेक पातशाह्यांत सेवा केली, पण अपमान सोसून केली नाही आणि पुढेही करणार नाही, असा त्याचा आशय. त्यांच्या दृष्टीने निष्ठा दोन्ही बाजूंनी बांधलेली होती. जवळपास त्याच सुमारास, १६५१ मध्ये, टॉमस हॉब्जने ‘लेव्हायथन’च्या शेवटी संरक्षण आणि आज्ञापालन यांचे परस्परांशी बांधलेले नाते मांडले. तो इंग्लंडातल्या त्याच नव्या वचनाच्या वादात बोलत होता. फरक इतकाच की हॉब्जला जीविताचे रक्षण पुरेसे होते, शहाजीराजांना इज्जतही हवी होती.

हे इमान पिढीजात टिकले असे मात्र नाही. शिवाजीराजांचे पुत्र संभाजी महाराज यांच्या काळात याच जेधे घराण्यातली मंडळी मोगलांकडे गेली आणि महाराजांना सर्जेराव जेध्यांना कडक शब्दांत पत्र लिहावे लागले. पुढे जिंजीला असताना राजाराम महाराजांनी सरदार टिकवण्यासाठी वतनांची आणि इनामांची पत्रे सढळपणे दिली, कारण औरंगजेबही तेच करत होता. बंगळूर तर त्याआधीच, १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानाने घेतले आणि ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयारांकडे गेले. दोनच वर्षांनी इंग्लंडात विल्यम राजाच्या शपथेला आर्चबिशप सॅनक्रॉफ्टसह सुमारे चारशे धर्मोपदेशकांनी नकार दिला आणि उपजीविका गमावली, कारण परागंदा झालेल्या दुसऱ्या जेम्सला दिलेला शब्द त्यांच्या लेखी अजून शाबूत होता. कान्होजींना ते लोक कळले असते.

आता पुराव्याविषयी. करिना म्हणजे वतनाच्या हक्कासाठी मांडलेली घराण्याची हकिगत. कान्होजींनी ज्या वतनावर पाणी सोडले, त्याच वतनाच्या राखणीसाठी वंशजांनी ती गोष्ट लिहून ठेवली. तेव्हा तिच्यातले संवाद शब्दशः घेऊ नयेत. तरी तिचा गाभा पक्का आहे. त्याच घराण्याची शकावली, जी लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली, तिथी-वारांच्या बाबतीत फार भरवशाची ठरली आहे. आणि १६५९ चे ते फर्मान तर विरुद्ध पक्षाच्या दफ्तरातून सुटलेले. आदिलशहाने कान्होजींना बोलावले होते, ते गेले नाहीत, एवढ्याला जेध्यांच्या साक्षीची गरजच नाही.