रोज ३०० शब्द!

नवीन वर्ष आलं की कादंबरी लिहायची स्वप्नं बघणारे आपण सगळे वहीच्या पहिल्या पानावर मोठमोठे संकल्प लिहितो. फेब्रुवारीत ती वही दुधाच्या हिशेबाला लागते. माझी तर दोनदा लागली आहे!

यंदा संकल्प करताना वाराणसीजवळचं लमही गाव डोळ्यांसमोर होतं. ३१ जुलै १८८० रोजी तिथे धनपतराय जन्मले, तेच पुढे प्रेमचंद झाले. आधी शाळामास्तर, मग शाळा तपासणीसाची फिरतीची नोकरी आणि त्यातूनच लेखन. 'सोजे वतन' हा कथासंग्रह इंग्रज सरकारने जप्त केला, तेव्हा त्यांनी नाव बदललं, लिहिणं सोडलं नाही. १९३० मध्ये 'हंस' मासिक सुरू केलं, त्यात पैशांची ओढाताण कायमच. तरी १९३६ मध्ये 'गोदान' आली. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला ते गेले आणि 'मंगलसूत्र' अर्धीच राहिली.

मग माझं 'ऑफिसमुळे जमत नाही' कुठे टिकणार?

हिशेब साधा आहे. रोज ३०० शब्द. आठवड्यातून पाचच दिवस लिहिलं तरी वर्षाचे ७८,००० होतात. कादंबरीचा पहिला खर्डा एवढ्यात होतो. खोडलेले शब्दही मोजायचे, नाहीतर खोडायला हातच धजत नाही. वाचन महिन्याला एक पुस्तक, त्यातली निम्मी मराठी. इंग्रजीत बीए करताना ती बाजू कच्ची राहिली.

रात्री साडेनऊ ते दहा हाक मारू नका, असं घरी सांगून ठेवलंय. आई म्हणाली, "आधी जेवून घे."