रात्री मोजलेलं ऊन

नागपूरच्या रामदासपेठेत, इमारतींच्या गराड्यात, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं शेत आहे. एरवी त्याच्याकडे फारसं कुणी वळून पाहत नाही. 30 मे 2024 रोजी मात्र हे शेत देशभरच्या बातम्यांत झळकलं, कारण तिथल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं होतं. सोनेगावच्या केंद्रानं 54 दाखवले. खापरीच्या कापूस संशोधन संस्थेतलं आणि रामटेकचं केंद्र मात्र 44 च्या आसपासच होतं. पहिल्या दोन केंद्रांचे संवेदक बिघडले असल्याचा खुलासा हवामान खात्यानं केला. त्याच सुमारास दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्राचा 52.9 चा आकडाही तीन अंशांनी फुगलेला निघाला. 23 मे 2013 रोजी नोंदलेला 47.9 अंशांचा नागपूरचा विक्रम अबाधित राहिला.

खोटा आकडा निकालात निघाला. खऱ्या आकड्याचं काय, हा प्रश्न उरला. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, मोकळ्या जागेत ठेवलेला असतो. त्याच्यावर ऊन पडू नये आणि वारा मात्र खेळावा, अशी ती रचना आहे. शहराशहरांची तुलना करायची तर हे हवंच. पण सोनेगावच्या मैदानातल्या त्या पेटीला सतरंजीपुऱ्यातल्या टिनाच्या खोलीचा ताप कळत नाही. तो कळणं हे तिचं कामही नाही. महापालिकेचा इशारा मात्र तिच्याच भरवशावर निघतो: सपाट प्रदेशात पारा 40 च्या वर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त, किंवा थेट 45 च्या पुढे गेला, की उष्णतेची लाट.

मैदानातला आकडा आणि गल्लीतला ताप यांच्यातलं अंतर मोजायचं काम नागपुरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे व्हीएनआयटीनं, अंगावर घेतलं. 1960 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झालेल्या या संस्थेच्या वास्तुकला व नियोजन विभागात प्रा. राजश्री कोठारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहराची उष्णतेच्या अंगानं वाटणी केली. त्यासाठी त्यांनी आयन स्ट्युअर्ट आणि टिम ओक या शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये मांडलेली पद्धत वापरली. तिच्यात जमिनीचे 17 प्रकार आहेत, दहा बांधलेल्या वस्तीचे आणि सात मोकळ्या जमिनीचे. प्रभागाची हद्द किंवा मोहल्ल्याचं नाव इथे गौण ठरतं. घरं किती उंच, किती दाटीची, मध्ये माती किती, झाडं किती, गल्लीत उभं राहून वर पाहिलं तर आभाळ किती दिसतं, एवढंच बघायचं. या हिशेबात महाल आणि इतवारी एका खणात पडतात. सिव्हिल लाइन्सचे बंगले दुसऱ्या खणात, सेमिनरी हिल्सची झाडी तिसऱ्या.

नकाशा रंगवून झाला की खरं काम रात्री सुरू होतं.

अशा मोजणीत तापमान आणि आर्द्रता टिपणारं यंत्र गाडीवर बसवतात. इंजिनाची ऊब लागू नये म्हणून ते उंचावर धरलेलं असतं, वरून पांढरं आच्छादन. सूर्य मावळल्यावर गाडी ठरलेल्या रस्त्यानं निघते. झाडीच्या भागातून दाट वस्तीत, तिथून शहराबाहेरच्या शेतापर्यंत, आणि परत. वेग बेताचा, कारण सिग्नलला फार वेळ थांबलं की पुढच्या ट्रकचा धूरच मोजला जातो. फेरी पुरी होईस्तोवर सगळं शहरच थोडं निवलेलं असतं. म्हणून एका जागी कायम ठेवलेल्या यंत्राशी ताडून प्रत्येक नोंद एकाच वेळेच्या मापात आणावी लागते. हे काम चिकाटीचं आणि बरंचसं कंटाळवाणं. रात्री-अपरात्री गाडीतल्या विद्यार्थ्याच्या हाती उरते ती वही, घड्याळ आणि अर्ध्या अंशाची चढउतार.

त्या चढउतारीनं जे दाखवलं ते 2018 मध्ये शोधनिबंधांतून प्रसिद्ध झालं. दाटीच्या, बैठ्या घरांच्या वस्त्या रात्री सगळ्यात जास्त ऊब धरून बसतात, आणि मोकळ्या भागाशी त्यांचा फरक चार अंशांच्या घरात जाऊ शकतो. कारण साधं आहे. भिंती, सिमेंटचे रस्ते आणि छपरं दिवसभर ऊन पितात आणि रात्री ते परत सोडतात. गल्ली अरुंद असली की सोडलेली ऊब आभाळाकडे न जाता समोरच्या भिंतीला लागते. मोकळं शेत मात्र दिवस कलताच निवू लागतं.

इथेच उपग्रहाचं चित्र फसवतं. मे महिन्यात नागपूरभोवतीची काळी जमीन उघडी पडलेली असते, पीक निघालेलं, भेगा पडलेल्या. दुपारच्या चित्रात ही जमीन शहरापेक्षाही जास्त तापलेली दिसू शकते. तेवढंच पाहणाऱ्याला वाटेल, शहर बरं की! पण माणूस झोपतो रात्री. दिवसा तापलेल्या शरीराला सावरायला गार रात्र लागते, आणि टिनाखाली झोपणाऱ्याच्या वाट्याला ती येत नाही. कवेलूच्या छपरातून निदान फटींवाटे हवा तरी जायची. कवेलू काढून टिन टाकणं ही गळक्या घराची सुधारणा होती. उन्हाच्या हिशेबात ती उलटी पडली.

महापालिकेच्या बाजूनं गोष्ट 2016 पासून सुरू होते. मे 2010 मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाल्याचं पुढे अभ्यासात निघालं. तिथे 2013 मध्ये देशातला पहिला शहरी उष्णता कृती आराखडा झाला. नागपूरनं 2016 मध्ये आपला केला, त्यात गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेची मदत होती. आराखड्यातली कामं कागदावर साधी दिसतात. पाणपोया, दुपारी उघडी राहणारी उद्यानं, मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत शीत कक्ष, शाळांची सकाळची वेळ, भर दुपारी बंद ठेवलेले काही सिग्नल, अलीकडे काही चौकांत दुचाकीवाल्यांच्या डोक्यावर हिरव्या जाळ्या.

अहमदाबादचा आकडा कसा निघाला, हे पाहिलं की शहर आणि अभ्यासक यांना एकमेकांची गरज का पडते ते दिसतं. उन्हानं मेलेला माणूस बहुतेक वेळा तशी नोंद ठेवून जात नाही. अंगाचा ताप 40 अंशांपुढे, शुद्ध हरपलेली, अशा अवस्थेत कुणी वेळेत रुग्णालयात पोचला तर डॉक्टर उष्माघात लिहितात. घरीच गेलेल्या म्हाताऱ्याच्या दाखल्यावर हृदयविकार येतो, किंवा नुसतं वार्धक्य. जन्म-मृत्यूची नोंदवही महापालिकेकडे असते. आधीच्या वर्षांतल्या त्याच तारखांशी ती ताडून किती मृत्यू जास्तीचे, हे काढायची रीत संशोधकांकडे. नोंदवही कपाटात राहिली तर ती फक्त दाखले देण्यापुरती, आणि रीत शोधनिबंधातच राहिली तर ती पदवीपुरती.

दोघांची घड्याळं मात्र वेगळी चालतात. पीएचडीला चार-पाच वर्षं लागतात. महापालिकेचं वर्ष मार्चअखेरीस संपतं, आणि जाळ्या, पाणपोया, ओआरएसची पाकिटं यांची जुळवाजुळव एप्रिलची लाहीलाही सुरू होण्याआधी व्हावी लागते. अभ्यासाचा नकाशा 17 प्रकारांचा, पालिकेचा कारभार दहा झोनचा. लक्ष्मीनगर आणि धरमपेठेपासून आशीनगर आणि मंगळवारीपर्यंतचे हे झोन आखताना भिंतीची ऊब कुणी विचारात घेतली नव्हती. एकाच झोनमध्ये बंगलेही येतात आणि झोपडपट्टीही. झोनची सरासरी काढली की टिनाची खोली बंगल्याच्या सावलीत बुडून जाते. म्हणून शास्त्रीय प्रकारांचा नकाशा पुन्हा प्रभाग आणि वस्तीच्या भाषेत उतरवावा लागतो, म्हणजे आशा सेविकेला कळेल की आधी कुठल्या गल्लीत जायचं आणि कुणाच्या छपरावर चुना मारायचा.

आणि नागपूर काही आराखड्याची वाट पाहत बसलेलं नाही. मार्च लागला की कूलर उतरतात, जुनं गवत काढून नव्या ताट्या बसतात, वाळ्याचा वास सुटतो. बाई-माणूस तोंडाला दुपट्टा बांधून निघतं, खिशात कांदा ठेवणारेही आहेत. ऊन तपून राहिलं, एवढ्या तीन शब्दांत दुपारचं सगळं बोलणं आटोपतं. नवतपाचे, म्हणजे कडक उन्हाचे, नऊ दिवस तर लोक बोटांवर मोजतात.

कूलर कोरड्या हवेवर चालतो. ताटीतलं पाणी उडतं आणि उडताना हवेतली ऊब घेऊन जातं. जूनमध्ये आभाळ भरून येतं, पाऊस मात्र पडत नाही. तेव्हा हवाच ओली असते, कूलर नुसता वारा ढकलतो आणि घाम अंगावरच राहतो. पारा 45 वरून 40 वर आलेला असतो, पण जीव तेवढाच कासावीस. म्हणून अभ्यासक तापमानाबरोबर आर्द्रताही टिपतात. पुढे पाऊस लागला की महापालिकेची माणसं त्याच गल्ल्यांत पुन्हा येतात. या वेळी ती कूलरच्या टाक्या रिकाम्या करायला सांगतात, कारण तळाशी उरलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाच्या अळ्या होतात.

मोजणाऱ्यांचा हंगाम तेव्हा पुढे सरकतो. शहर आणि शेत यांच्यातला फरक सगळ्यात ठळक दिसतो तो निरभ्र, वारा पडलेल्या हिवाळी रात्री. शेतावर शेकोटी पेटलेली असते, आणि महालातल्या बोळात भिंतीला हात लावला तर ती अजून कोमट लागते.