किल्लारीच्या भूमीत धातुशोधक यंत्राची निवड

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र हा असून धातुशोधक यंत्रांविषयी त्याने लिहावे याचे वाचकांस नवल वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून प्रथम निमित्त सांगतो. गेल्या वर्षी किल्लारीच्या नव्या गावठाणात राहणारा आमचा एक माजी विद्यार्थी भेटीस आला आणि हौसेखातर वापरल्या जाणाऱ्या धातुशोधक यंत्रांपैकी कोणते घ्यावे असे त्याने विचारले. 'हौस' हा शब्द त्याने वापरला खरा. परंतु बोलता बोलता खरे कारण कळले. त्याच्या आजीचे चांदीचे तोडे जुन्या घराच्या ढिगाऱ्याखाली राहिले आहेत, आणि आजी आता ऐंशीच्या पुढे गेली आहे.

ते घर कोसळले ३० सप्टेंबर १९९३ रोजी, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून माणसे उशिरा निजली होती. सुमारे ६.२ प्रतीच्या त्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसे दगावली. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील जड माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जुनी जागा मागे राहिली आणि तिच्यात घरोघरची भांडीकुंडी, डागदागिने हेही राहिले. अशा भूमीत यंत्र नेणाऱ्याने यंत्राची निवड कशी करावी, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

यंत्राचे मूळ तत्त्व साधे आहे. तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, सतत बदलता विद्युत्प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते क्षेत्र जमिनीतील धातूस भिडले की त्या धातूत लहान लहान प्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात, आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र दुसरी कॉइल टिपते. या तत्त्वावर डेव्हिड ह्यूज यांनी १८७९ मध्ये प्रवर्तन-तुला सिद्ध केली. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी तशाच उपकरणाचा उपयोग केला. परंतु गोळी सापडली नाही. रुग्णाच्या गादीत पोलादी तारा होत्या आणि त्यांच्या प्रतिसादाने परीक्षेत घोटाळा झाला, हे त्या अपयशाचे एक कारण सांगितले जाते. यंत्राने धातू आहे असे सांगितले, ते खोटे नव्हते. मात्र तो धातू कोठला, हे यंत्र सांगू शकत नव्हते. ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवावयाची आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी सुरुंग शोधणारे सुटसुटीत यंत्र तयार केले. आजची हौशी यंत्रे त्याच वंशातील होत.

आता यंत्र नेमके काय 'बोलते' ते पाहू. पाठविलेली लहर आणि परत आलेली लहर यांच्यात काळाचे किंचित अंतर पडते. चांदी व तांबे यांसारख्या उत्तम वाहक धातूंच्या जाड वस्तूंत हे अंतर अधिक असते, पातळ किंवा बारीक वस्तूंत कमी असते. लोखंड चुंबकीय असल्याने त्याचा प्रतिसाद निराळ्या धाटणीचा असतो. या अंतरावरून यंत्र एक अंक दाखविते किंवा उंच-सखल स्वर काढते. नवखा ग्राहक त्या अंकालाच वस्तूचे नाव समजतो. वस्तुतः तो अंक म्हणजे अनेक वस्तूंना समान असलेले एक चिन्ह होय. मराठीत 'माळ' हा शब्द एकटा उच्चारला तर फुलांची माळ की उजाड माळरान हे कळत नाही. अर्थ संदर्भाने ठरतो. तद्वतच सोन्याची लहान अंगठी, औषधी गोळ्यांच्या पाकिटावरील अॅल्युमिनियमचा तुकडा आणि शीतपेयाच्या डब्याचे कडे यांचे अंक पुष्कळदा एकच येतात. लोखंडाचा सपाट पत्रा तर कित्येकदा चांदीच्या जवळचा अंक दाखवून फसवितो. 'कचरा वगळा' अशी सोय ज्या यंत्रात असते, ते यंत्र ती वापरताना अंगठीही वगळीत असते, हे विकणारा सहसा सांगत नाही.

किल्लारीच्या बाबतीत दुसरा प्रश्न भूमीचा आहे. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी येथे ६१७ मीटर खोल वेध घेतला, तेव्हा वरचे सुमारे ३३८ मीटर बेसॉल्ट, म्हणजे आपला नेहमीचा काळा पाषाण, लागला. या पाषाणात मॅग्नेटाइट नावाचे चुंबकीय खनिज असते. ते काळ्या मातीत, मुरमात आणि घरांच्या दगडांतही उतरलेले असते. परिणामी धातू नसतानाही जमीन स्वतःच यंत्राला प्रतिसाद देते. एखादा खनिजबहुल दगड धातूचा भास निर्माण करतो, आणि चुलीखालची भाजलेली माती, विटा, खापऱ्या याही चुंबकीय झालेल्या असतात. परदेशी वाळूत किंवा गवताळ कुरणात यंत्राने गाठलेली खोली जाहिरातीत वाचून आपण येथे तीच अपेक्षा ठेवली, तर निराशा ठरलेली आहे.

म्हणून आपल्याकडे यंत्र घेताना पहिली कसोटी भूमि-संतुलनाची असावी. जमिनीचा प्रतिसाद ओळखून तो वजा करण्याच्या सोयीस भूमि-संतुलन म्हणतात. काही यंत्रांत ते कारखान्यातच कायमचे बसविलेले असते, काहींत यंत्र ते आपोआप करते, आणि काहींत वापरणारा स्वहस्ते करू शकतो. बेसॉल्टच्या प्रदेशात पहिला प्रकार अपुरा पडतो. शक्य तर आपोआप व स्वहस्ते अशा दोन्ही सोयी असलेले यंत्र पाहावे. कारण ढिगाऱ्यावरून शेतात पाऊल टाकताच जमीन बदलते आणि संतुलन पुन्हा करावे लागते.

या दृष्टीने बाजारातील यंत्रांचे चार वर्ग पडतात. पहिला वर्ग एकाच वारंवारतेच्या प्राथमिक यंत्रांचा. गॅरेटचे एस ३०० हे ८ किलोहर्ट्झवर चालणारे आणि कायम संतुलनाचे यंत्र या वर्गाचा नमुना होय. शिकण्यास ते सोपे आहे. परंतु काळ्या भूमीत त्याची मर्यादा लवकर जाणवते. दुसरा वर्ग एकाच वारंवारतेच्या, पण संतुलनाची सोय असलेल्या यंत्रांचा. नोक्ताचे १२ किलोहर्ट्झचे सिम्प्लेक्स यात मोडते. तिसऱ्या वर्गातील यंत्रे एकाच वेळी अनेक वारंवारतांवर चालतात. मिनलॅबचे इक्विनॉक्स व एक्सपीचे डेउस २ ही त्यांची उदाहरणे होत. कमी वारंवारता चांदी-तांब्याच्या मोठ्या वस्तूंस आणि अधिक वारंवारता सोन्याच्या बारीक वस्तूंस अनुकूल असते. दोन्ही एकत्र असल्याने जमीन आणि धातू यांतील भेद अधिक निश्चित होतो. चौथा वर्ग स्पंदन-प्रवर्तनाचा. यात प्रवाह सतत न सोडता त्याचे झटके देतात. खनिजयुक्त जमिनीचा त्रास या यंत्रांस पुष्कळ कमी होतो आणि खोलीही अधिक मिळते. परंतु लोखंड व इतर धातू यांतील भेद ती नीट करू शकत नाहीत. जेथे पावलागणिक खिळा, बिजागरी, कडी-कोयंडा किंवा नांगराचा फाळ पडलेला आहे, तेथे असा शोधक दिवसभर खोदीतच बसेल. ही नावे केवळ वर्ग स्पष्ट व्हावेत म्हणून दिली आहेत. जुन्या वस्तीच्या भूमीस तिसरा वर्ग सर्वांत योग्य आणि पैशाची ओढ असल्यास दुसरा, असे माझे मत आहे.

खोलीविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. वस्तू कॉइलच्या आकारमानाहून दूर गेली की अंतर दुप्पट होताच प्रतिसाद सुमारे चौसष्टपट क्षीण होतो. त्यामुळे रुपयाएवढे नाणे आपल्या जमिनीत वीतभर खोलीवर मिळाले तरी समाधान मानावे. जाड तोडा किंवा पाटली याहून बरा प्रतिसाद देते. तांब्याचा हंडा किंवा घागर आणखी खोलवरून कळते. उलट बोरमाळेतील पोकळ मणी किंवा बारीक साखळी सोन्याची असूनही जवळजवळ मुकी असते. कारण साखळीत यंत्राला एकेक कडीच दिसते. दीड मीटर ढिगाऱ्याखालील जमिनीवर पडलेला दागिना कोणतेही हौशी यंत्र वरून दाखवू शकणार नाही. दगड थराथराने उचलावे लागतील आणि प्रत्येक थरावर यंत्र फिरवावे लागेल.

आता जोडसाहित्याकडे वळू. कॉइल मोठी असेल तर खोली वाढते. पण तिच्याखाली एकाच वेळी अनेक धातू येतात आणि खिळ्याशेजारची चांदी झाकली जाते. म्हणून ढिगाऱ्यासाठी १५ सेंटिमीटरच्या आसपासची लहान कॉइल अवश्य घ्यावी. मोठी कॉइल मोकळ्या शेतासाठी ठेवावी. एकात एक वर्तुळे असलेल्या कॉइलपेक्षा इंग्रजी 'डी' अक्षराची दोन वेटोळी एकमेकांवर चढविलेली कॉइल खनिजयुक्त जमिनीत अधिक स्थिर राहते. दुसरी आवश्यक वस्तू पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात हाताने धरून वस्तूची नेमकी जागा दाखविणारी छोटी कांडी. तिच्यामुळे खड्डा लहान राहतो आणि टिकावाचा घाव वस्तूवर बसत नाही. तिसरी वस्तू हेडफोन. क्षीण स्वर वाऱ्यात ऐकू येत नाहीत. कॉइलचे आवरणही घ्यावे, कारण आपला दगड धारदार असतो. खोदण्यास घरचे खुरपे, सापडलेला कचरा परत नेण्यास एक पिशवी आणि हातमोजे, एवढे पुरे. तांत्रिक नावांची आणखी जी सामग्री विकली जाते, ती पहिल्या वर्षी घेऊ नये.

विकत घेण्यापूर्वी परीक्षा करावी. हवेत नाणे धरून घेतलेली परीक्षा निरुपयोगी असते, कारण तीत जमीन नसते. आपल्याच शेताच्या बांधाशी एक नाणे, एक चांदीचे वाळे, एक खिळा आणि अॅल्युमिनियमचा तुकडा वेगवेगळ्या खोलींवर पुरावा. एका ठिकाणी नाणे व खिळा शेजारी शेजारी ठेवावेत. जागांची नोंद कागदावर करावी. मग दोन-तीन यंत्रे त्याच पट्ट्यावरून फिरवून प्रत्येकाचा स्वर व अंक लिहून काढावा. एक परीक्षा कोरड्या, भेगाळलेल्या जमिनीत आणि एक पाऊस होऊन गेल्यावर घ्यावी. अशी एक वही शंभर जाहिरातींपेक्षा अधिक सांगते.

आता हक्काचा प्रश्न. भाषेने येथे आपल्याला मदतच केली आहे. 'गुप्तधन', 'ठेव' आणि 'हरवलेली वस्तू' हे तीन शब्द एकार्थी नाहीत. गुप्तधनास मालक नाही असे लोक मानतात. ठेवीस आणि हरवलेल्या वस्तूस मालक असतोच. जुन्या किल्लारीच्या भूमीतील बहुतेक वस्तू तिसऱ्या प्रकारच्या आहेत. त्यांचे मालक किंवा वारस नव्या गावठाणात हयात आहेत, आणि काहींचे कोणीच उरलेले नाही. म्हणून जागा आज कोणाच्या नावे आहे हे प्रथम पाहावे, लेखी संमती घ्यावी, ग्रामपंचायतीस व तहसीलदारास कळवावे, आणि सापडलेली वस्तू साक्षीदारांसमक्ष नोंदवावी. कायद्यानेही भूमिगत धन पूर्णपणे सापडणाऱ्याचे मानलेले नाही. १८७८ च्या निधिविषयक अधिनियमाने दहा रुपयांहून अधिक किमतीच्या निधीची लेखी सूचना कलेक्टरास देणे आवश्यक ठरविले. संरक्षित स्मारकांस केंद्राचा १९५८ चा व राज्याचा १९६० चा अधिनियम लागू आहे. तेथे परवान्याविना खोदता येत नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापारावर व निर्यातीवर १९७२ च्या अधिनियमाचे नियंत्रण आहे.

हौसेचे उत्तम उदाहरण शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातच आहे. प्राचीन तगर म्हणजे आजचे तेर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या परिसरात मिळणाऱ्या पुरावस्तू जमविल्या आणि त्या संग्रहातून त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. वस्तू कोठे मिळाली हे ठाऊक असल्यामुळेच तिला इतिहासात स्थान मिळते. स्थान हरवलेली वस्तू म्हणजे वाक्यातून तोडलेला शब्द होय.

शेवटी विद्यार्थ्यास दिलेले उत्तर सांगतो. यंत्र तिसऱ्या वर्गातील घे, लहान कॉइल आणि पिनपॉइंटर घे, असे मी म्हणालो. परंतु त्याआधी एक कोरा कागद घेऊन आजीपाशी बैस. ढेलज कोठे होती, माजघर कोणत्या अंगाला, चूल कोठे, कोणत्या भिंतीतील देवळीत ती दागिने ठेवीत असे, बळद कोठे होते, हे तिच्या तोंडून तिच्याच शब्दांत लिहून घे. नव्या गावठाणातील घरांना ढेलज नाही आणि बळदही नाही. त्यामुळे हे शब्द नातवंडांच्या कानांवर पडत नाहीत. पुढल्या महिन्यात तो कागद त्याने मला आणून दाखविला. त्यावर घराच्या अकरा भागांची नावे होती, त्यांपैकी चार त्याने पूर्वी ऐकलेली नव्हती. यंत्र त्याने अद्याप घेतलेले नाही. जागेच्या संमतीचा अर्ज मात्र दिला आहे. तोडे मिळतील की नाही हे जमीन ठरवील. धातू आहे एवढेच यंत्र सांगते. तो कोणाचा आणि कोठला, हे सांगणारी माणसे अजून आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे.