'मेडल' : वळणावरचा एक अल्बम



'पिंक फ्लॉइड' या इंग्लंडच्या बँडचा १९७३ सालचा 'द डार्क साइड ऑफ द मून' जगभर गाजला. आज आम्ही त्याच्या दोन वर्षे आधीच्या, १९७१ च्या 'मेडल' या अल्बमविषयी सांगणार आहोत. येथे मेडल म्हणजे पदक नव्हे, लुडबूड करणे!

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे तीन-चार मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून लांब, अनेक भागांची रचना बांधणारे रॉक संगीत. पिंक फ्लॉइडची सुरुवातीची बहुतेक गाणी सिड बॅरेट लिहीत असे. आजारपणामुळे १९६८ मध्ये तो बँडमधून दूर झाला आणि उरलेल्या चौघांपुढे प्रश्न पडला, की आता आपले संगीत कोणते? १९७० च्या अल्बममध्ये त्यांनी पितळी वाद्ये व समूहगान वापरून पाहिले. त्यासाठी बाहेरच्या संगीतकाराची मदत घेतली.

'मेडल'च्या वेळी हाती तयार असे काहीच नव्हते. म्हणून सुचेल तो तुकडा ध्वनिमुद्रित करायचा आणि त्याला 'नथिंग' म्हणजे 'काही नाही' असे नाव व क्रमांक द्यायचा, असे ठरले. त्यातला एक तुकडा म्हणजे रिचर्ड राइटने वाजवलेला पियानोचा एकच उंच स्वर. फिरत्या लाऊडस्पीकरमधून काढल्यावर तो पाण्याखालच्या आवाजासारखा भासला. या एका स्वरातून 'एकोज' ही सुमारे साडेतेवीस मिनिटांची रचना उभी राहिली. तबकडीची एक पूर्ण बाजू तिनेच व्यापली. डेव्हिड गिलमोरच्या गिटारचे पेडल उलटे जोडले गेले, तेव्हा पक्ष्यांच्या किंकाळीसारखा आवाज निघाला; तोही रचनेत घेतला गेला.

पहिली बाजू मात्र विस्कळीत आहे. एका गाण्यात तर चक्क कुत्रा रडतो! पण 'एकोज'मध्ये चौघांना आपली वाट सापडली. संथ लय, सवडीने उलगडणारी रचना आणि माणसाने माणसाला ओळखावे असे सांगणारे रॉजर वॉटर्सचे शब्द, हे सारे पुढे १९७३ च्या अल्बममध्ये पक्व झाले. ही रचना बाहेरच्या आधाराशिवाय, चौघांनी मिळून घडवली, हेच 'मेडल'चे महत्त्व.

पालकांना आमची विनंती आहे की पाल्याच्या कच्च्या वहीतील अर्धवट चित्र, अर्धी कविता, चुकलेली रीत 'काही नाही' म्हणून रद्दीत टाकू नये. विद्यार्थ्यांनीही ती जपून ठेवावी, आणि सवड मिळेल तेव्हा 'एकोज' शांतपणे, शेवटपर्यंत ऐकावे.