उड्डाणसमयी शेपटी-आघाताची शंका आणि विमान कर्मचाऱ्यांची कार्यपद्धती

प्रस्तावना : धावपट्टी सोडताना विमानाचे नाक वर उचलले जाते व शेपटीकडील भाग खाली झुकतो. पुरेसा वेग येण्यापूर्वी किंवा वाजवीपेक्षा झपाट्याने नाक उचलल्यास शेपटीचा तळ धावपट्टीवर घासतो. यालाच ‘टेल स्ट्राइक’ म्हणतात. लांब धडाच्या विमानांत हा धोका अधिक असतो. अशी नुसती शंका आल्यावर कर्मचारी कोणते निर्णय घेतात व का, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

शंकेचे स्वरूप : कॉकपिट शेपटीपासून दूर असल्याने आघात वैमानिकाला जाणवेलच असे नाही. काही विमानांत त्याची सूचना देणारी यंत्रणा असते. परंतु मागे बसलेल्या केबिन कर्मचाऱ्यांनी ऐकलेला आवाज वा नियंत्रण कक्षाने पाहिलेल्या ठिणग्या यांनाही तितकेच महत्त्व असते. या क्षणी उड्डाण रद्द करता येत नाही, कारण थांबण्याजोगा वेग मागे पडलेला असतो. म्हणून प्रथम विमान सुरक्षितपणे वर नेले जाते.

हवेच्या दाबाचा प्रश्न : खरा धोका येथून पुढे आहे. विमान जसजसे उंच जाते तसतसा केबिनमधील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा वाढत जातो आणि धडाचे कवच व मागील दाबभिंत यांवर ताण येतो. तेथे तडा असेल तर तो वाढतो. म्हणून बोईंग व एअरबस यांच्या कार्यपद्धतींचा आशय एकच आहे : केबिनमध्ये दाब निर्माण होऊ देऊ नये आणि जवळच्या योग्य विमानतळावर उतरावे. सामान्यतः १०,००० फुटांच्या खाली राहिल्यास प्रवाशांना दाबाशिवायही श्वसन करता येते. डोंगराळ प्रदेशात मात्र सुरक्षित किमान उंचीचा विचार आधी करावा लागतो.

मेलबर्न येथील घटना (२० मार्च २००९) : दुबईस निघालेल्या एमिरेट्सच्या एअरबस ए३४०-५०० विमानाचे वजन गणनेसाठी ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन नोंदवले गेले. केवळ एका अंकाची ही चूक! परिणामी इंजिनांची शक्ती व उड्डाणाचे वेग दोन्ही कमी ठरले. विमान उठेना, शेपटी घासली. मुख्य वैमानिकाने पूर्ण शक्ती लावल्यावरच ते हवेत गेले. मागील दाबभिंतीस हानी पोहोचली होती. कर्मचाऱ्यांनी पोर्ट फिलिप उपसागरावर इंधन सोडून वजन घटवले आणि सुमारे तासाभराने विमान परत उतरवले. २५७ प्रवासी व १८ कर्मचारी सुखरूप राहिले.

दुरुस्तीचा भाग : उतरताना झालेले असे आघातही तितकेच घातक ठरतात. जपान एअरलाइन्सच्या विमानाची शेपटी १९७८ मध्ये ओसाका येथे घासली. दाबभिंतीची दुरुस्ती सदोष झाली, ती १२ ऑगस्ट १९८५ रोजी फुटली व ५२० जण मृत्युमुखी पडले. चायना एअरलाइन्सच्या विमानाबाबत हाँगकाँगमधील १९८० चा आघात आणि २५ मे २००२ चा अपघात, ज्यात २२५ जण दगावले, यांमध्ये २२ वर्षांचे अंतर होते. म्हणूनच उतरल्यावर तांत्रिक नोंदवहीत ‘शंका’ एवढीच नोंद असली, तरी अभियंत्यांच्या तपासणीवाचून विमान पुन्हा सोडले जात नाही.