जुन्या गाडीचे दोन आकडे

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. मुदत संपत आली, की गाडी आर.टी.ओ.कडे तपासणीसाठी न्यावी लागते. ती योग्य ठरली, तर नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढते. ब्रेक, दिवे, टायर, स्टिअरिंग यांतले दोष बहुधा डोळ्यांना दिसतात किंवा हाताला जाणवतात. मालकाची धाकधूक असते ती पीयूसीच्या यंत्राबद्दल. सायलेन्सरच्या नळीत एक बारीक नळी घालतात आणि थोड्या वेळाने कागदावर दोन आकडे उमटतात. पेट्रोलवर चालणाऱ्या, कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीच्या निमित्ताने हे आकडे वाचायला शिकू.

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. सोयीसाठी नुसते ऑक्टेन धरू. त्याचा एक रेणू (रेणुभार ११४) पुरता जळायला ऑक्सिजनचे साडेबारा रेणू (एकूण ४००) लागतात. म्हणजे १ ग्रॅम ऑक्टेनला सुमारे साडेतीन ग्रॅम ऑक्सिजन. हवेत वजनाने ऑक्सिजन सुमारे २३ टक्के, म्हणून हवा लागेल १५ ग्रॅम. हे गणित दहावीच्या मुलांना फळ्यावर करायला द्यावे. प्रत्यक्षातल्या पेट्रोलसाठी १४.७ हा आकडा धरतात. हवा याहून कमी पडली, की काही कार्बनला ऑक्सिजनचा दुसरा अणू मिळत नाही आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. स्टोव्हला हवा कमी पडल्यावर भांडी काळी होतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त काजळी दिसते, मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

मग तो यंत्राला कसा कळतो? अवरक्त किरणांमुळे. मोनॉक्साइड ४.७ मायक्रोमीटरच्या आसपासचे किरण शोषतो, तर हायड्रोकार्बन ३.४ च्या आसपासचे. एका बाजूला किरणांचा दिवा, दुसऱ्या बाजूला ते मोजणारा शोधक आणि मध्ये गाडीचा धूर. किरण जितके कमी पोहोचतील, तितका वायू जास्त.

भारत स्टेज दोनच्या आधीच्या चारचाकीला मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची दशलक्षात १५०० भाग आहे. स्टेज दोन व तीनसाठी ती ०.५ टक्के व ७५० भाग, तर स्टेज चारसाठी ०.३ टक्के व २०० भाग. तीन टक्के ही सवलत किती मोठी आहे पाहा! एवढा मोनॉक्साइड श्वासात गेला, तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये ते याचसाठी.

आता निदान. मोनॉक्साइड जास्त म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर धुळीने भरला असेल, चोक पूर्ण उघडत नसेल, कार्ब्युरेटरचा जेट झिजला असेल. मोनॉक्साइड बेताचा पण हायड्रोकार्बन भरमसाट असेल, तर पेट्रोल न पेटताच बाहेर पडते आहे. तेव्हा प्लग, पॉइंट, टायमिंग पाहावे. अशी गाडी बऱ्याचदा मिसिंगही करते. पहिल्या दोषासाठी प्लग बदलून किंवा दुसऱ्यासाठी फिल्टर बदलून काही साधत नाही, नुसते पैसे जातात.

गाडी मात्र गरम करूनच न्यावी. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल, तर तोही अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअस गाठेपर्यंत जवळपास निष्क्रिय असतो. पंधरा-वीस मिनिटे रस्त्यावर चालवलेली गाडी आणि घरातून काढून थेट यंत्रासमोर उभी केलेली तीच गाडी, यांचे आकडे वेगळे येतात.

काही मेकॅनिक तपासणीपुरता मिश्रणाचा स्क्रू पिळून हवा वाढवून देतात आणि नंतर तो पूर्ववत करतात. हे आम्हाला पटत नाही. त्यातही गंमत अशी, की स्क्रू फार पिळला तर मिश्रण इतके विरळ होते, की ठिणगी पडूनही ते पेटत नाही. मग मोनॉक्साइडचा आकडा उतरतो आणि हायड्रोकार्बनचा चढतो. दोन्ही आकडे एकत्र पाहायचे ते यासाठी. नायट्रोजनची ऑक्साइडे या तपासणीत मोजलीच जात नाहीत. ती मुख्यतः इंजिनावर भार असताना, ज्वलनाचे तापमान खूप वाढल्यावर तयार होतात आणि यंत्रासमोर तर गाडी जागेवर उभी असते.