गाडीवर मागे बसणाऱ्याचा जीव : शेतरस्त्यावरच्या धडका

आज खत-औषधाचा विषय नाही. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्या माणसाचा आहे.

डांबरी रस्त्याला लागताना आपण जरा तरी सावध होतो. पाणंद, कॅनॉलचा रस्ता, बांधावरची वाट आली की "इथंच तर जायचंय" म्हणून तिघं बसतात आणि हेल्मेट घरी खुंटीला राहतं. पण धडक इथंही होते. उसाच्या वळणावर समोरची गाडी दिसत नाही. ट्रॅक्टर मागे घेताना ट्रॉलीमागे कोण आहे ते ड्रायव्हरला दिसत नाही. कधी दावं तोडलेलं जनावर आडवं येतं, रात्री रानडुक्कर, नाहीतर गवतात झाकलेला हद्दीचा दगड.

चालवणाऱ्याला समोरचं दिसतं आणि हातात हँडल असतं. मागच्याकडे यातलं काहीच नाही. ब्रेक लागल्याचं कळेपर्यंत तोल गेलेला असतो. त्यात मागे बसणारी बऱ्याचदा घरची बाई असते: एका बाजूला पाय, मांडीवर पोर नाहीतर जेवणाचा डबा, हातात विळा. धरायला हातच मोकळा नाही. अशी बाई कमरेवर किंवा पाठीवर पडते आणि डोकं मागून आपटतं. गाडी वीसच्या स्पीडला होती म्हणून डोकं वाचत नाही. सीटवरून दगडावर पडणं त्याला पुरेसं आहे. दुसरा मार पायाला. घोटा गाडी आणि दगडाच्या मध्ये चेंगरतो, लहान मुलाची टाच स्पोकमध्ये जाते.

केंद्रीय मोटार वाहन नियम 123 प्रमाणे गाडीला मागच्यासाठी धरायची दांडी, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं साडीगार्ड लागतं. दुधाचे कॅन अडकवायला आपणच ते काढून टाकतो! काढलं असेल तर परत बसवा. जमेल त्या बाईने दोन्हीकडे पाय टाकून बसावं. लोक काय म्हणतील ते म्हणू द्या. पदर खोचलेला, विळा-खुरपं पोत्यात गुंडाळून बांधलेलं, आणि हेल्मेट दोघांनाही. उसाच्या वळणावर हॉर्न द्या. ट्रॅक्टर मागे येत असेल तर मागच्याला आधी उतरवा.

अपघात झालाच तर हात-पाय धरून उचलून दुसऱ्या गाडीवर बसवू नका. मणक्याला मार असेल तर त्या उचलण्यानेच पाय कायमचे जाऊ शकतात. 108 ला फोन लावा. गट नंबर सांगून ॲम्ब्युलन्सला जागा सापडत नाही, म्हणून एक माणूस डांबरी फाट्यावर उभा करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. शुद्ध नसेल तर पाणी पाजू नका. पाय स्पोकमध्ये अडकला असेल तर ओढू नका, चाक खोला किंवा तारा कापा. डोक्याला मार लागून माणूस उठून चालू लागला, तरी नंतर उलटी झाली, गुंगी आली, बोलणं अडखळलं, तर घरी झोपवू नका. लगेच दवाखाना.

आता पैशाचं. गाडीची पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल तर मागे बसलेल्याला त्यातून भरपाई मिळत नाही. सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये तसंच सांगितलं आहे. पॉलिसी काढतानाच मागच्या सीटचा अपघात विमा जोडून मागा. धडक दुसऱ्या वाहनाची असेल तर त्याच्या विम्याचा नंबर त्याच दिवशी टिपून घ्या.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत खातेदार आणि कुटुंबातला एक सदस्य बसतो, वय 10 ते 75. मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव निकामी झाल्यास 2 लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास 1 लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, 30 दिवसांच्या आत. पोलिसांकडची नोंद लागते, म्हणून "आपल्याच रानात झालं, कशाला बोभाटा" म्हणत नोंद टाळू नका. गाडी शेतकरी स्वतः चालवत असेल तर लायसन्सही मागतात. ज्यांचं संपलंय त्यांनी या आठवड्यातच रिन्यू करून घ्यावं.